फोटॉनची साक्ष जस्ताची पट्टी देत नाही

बारावीच्या भौतिकशास्त्रात एक प्रयोग असा आहे की त्याच्या तोंडून आपण त्याच्या कुवतीपेक्षा फार मोठी साक्ष वदवून घेतो. सुवर्णपत्र विद्युतदर्शीच्या माथ्यावर घासून लख्ख केलेली जस्ताची पट्टी ठेवतात आणि तिला ऋण भार देतात. सोन्याची पाने फाकतात. साधा शंभर वॉटचा दिवा अगदी जवळ आणला तरी ती तशीच राहतात. मग अतिनील दिवा लावला की पाहता पाहता मिटू लागतात. मध्ये काच धरली की मिटणे थांबते. पट्टीला धन भार दिला, तर अतिनील दिव्याखालीही पाने ढिम्म. एवढे झाले की शिक्षक फळ्याकडे वळतात आणि लिहितात: म्हणून प्रकाश कणांचा बनलेला आहे.

प्रयोग सुंदर आहे आणि तो प्रत्येक वर्गात व्हावा. माझा वाद आहे तो त्या ‘म्हणून’शी.

पूर्वपक्ष

पूर्वपक्ष दुबळा नाही, म्हणून तो आधी नीट मांडतो. प्रकाशविद्युत परिणामाबद्दल तीन निरीक्षणे सांगितली जातात. पहिले: प्रत्येक धातूची एक उंबरठा वारंवारता असते, तिच्याखालचा प्रकाश कितीही प्रखर केला तरी एकही इलेक्ट्रॉन बाहेर पडत नाही. दुसरे: बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची कमाल ऊर्जा प्रकाशाच्या वारंवारतेने ठरते, तीव्रतेने नाही, तीव्रता वाढली की इलेक्ट्रॉनांची फक्त संख्या वाढते. तिसरे: प्रकाश अगदी मंद असला तरी इलेक्ट्रॉन तत्काळ बाहेर पडतात.

आता प्रकाश हा तरंग असेल, तर त्याची ऊर्जा सगळ्या पृष्ठभागावर पसरून येणार. प्रखर लाल प्रकाशाने पुरेसा वेळ दिल्यावर इलेक्ट्रॉन सुटायला हवा, प्रखरता वाढली की त्याची ऊर्जाही वाढायला हवी आणि मंद प्रकाशात त्याने बराच काळ वाट पाहायला हवी. यातले काहीच घडत नाही. आइनस्टाइनने १९०५ मध्ये कोडे सोडवले: प्रकाश पुंजांनी येतो, एका पुंजाची ऊर्जा म्हणजे प्लांकचा स्थिरांक गुणिले वारंवारता, आणि एक इलेक्ट्रॉन एक पुंज गिळतो. धातूतून सुटण्यासाठी लागणारी किमान ऊर्जा, म्हणजे वर्क फंक्शन, त्यातून वजा केली की उरते ती इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा. मिलिकनने ते मोजून सिद्ध केले, आइनस्टाइनला नोबेल मिळाले, फोटॉन मान्य झाला.

मीमांसकांच्या भाषेत ही अर्थापत्ती आहे. देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी धष्टपुष्ट आहे. तेव्हा तो रात्री जेवत असला पाहिजे. या प्रमाणाचे सारे बळ एका अटीत असते: दुसऱ्या कोणत्याही प्रकारे उपपत्ती लागता कामा नये. देवदत्ताच्या पुष्टीचे दुसरे कारण दाखवता आले, तर रात्रीच्या जेवणाचा पुरावा संपतो. रात्रीचे जेवण त्यामुळे खोटे ठरत नाही. ते सिद्ध करायला दुसरा साक्षीदार आणावा लागतो, एवढेच. माझा पक्ष नेमका हा आहे. फोटॉन आहे, याविषयी शंका नाही. पण प्रकाशविद्युत परिणाम ही त्याची सिद्धी नाही, आणि विद्युतदर्शीचा प्रयोग तर त्या सिद्धीच्या जवळपासही जात नाही.

प्रयोगाला काय दिसते

आधी प्रयोगाकडेच पाहू. त्या तीन निरीक्षणांपैकी पट्टी आणि पाने यांना किती दिसतात?

दुसरे निरीक्षण, म्हणजे इलेक्ट्रॉनची ऊर्जा तीव्रतेवर अवलंबून नसणे, विद्युतदर्शीला दिसूच शकत नाही. पाने भार दाखवतात. सुटलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा किती होती, हे त्यांना कळण्याचा मार्गच नाही. त्यासाठी निर्वात नळी, संग्राहक आणि उलटा विद्युतदाब हवा.

तिसरे निरीक्षण, तत्काळ उत्सर्जन, हेही पानांच्या आवाक्याबाहेरचे. विद्युतदर्शीची धारकता सुमारे दहा पिकोफॅरड आणि विभव हजार व्होल्ट धरला, तर पाने मिटायला सहा हजार कोटींच्या आसपास इलेक्ट्रॉन निघून जावे लागतात. त्याला काही सेकंद लागतात. यातला पहिला इलेक्ट्रॉन दिवा लागताच निघाला की सेकंदाच्या दहाव्या भागाने, हे पाने सांगू शकत नाहीत. ‘पाहा, लगेच पाने मिटू लागली’ हे वाक्य वर्गात मोठ्या उत्साहाने उच्चारले जाते. पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य आहे.

उरले पहिले निरीक्षण, उंबरठा. इथे प्रयोग खरोखर काही दाखवतो, पण अर्धेच. जस्ताची वर्क फंक्शन सुमारे ४.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे उंबरठा सुमारे २८८ नॅनोमीटरवर. जंतुनाशक अतिनील दिव्याची मुख्य रेषा २५४ नॅनोमीटरची, तिच्या पुंजाची ऊर्जा ४.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ती उंबरठा ओलांडते. दृश्य प्रकाशातला जांभळा रंगसुद्धा ३.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टवरच थांबतो. साधी काच डोळ्यांना पारदर्शक असली तरी या अतिनील किरणांना अडवते. म्हणजे प्रयोगातून एवढे ठरते की २५४ नॅनोमीटरला परिणाम होतो आणि काचेपलीकडे येणाऱ्या लांब तरंगांना होत नाही. पण एका ठिकाणी ‘होतो’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘होत नाही’ एवढ्यावरून उंबरठा सिद्ध होत नाही. विशिष्ट वारंवारतेला अनुनाद होऊन इलेक्ट्रॉन सुटतो, असे कोणी म्हटले, तरी हेच दोन निकाल मिळतील. उंबरठा आणि अनुनाद वेगळे करायला अनेक वारंवारता लागतात, आणि वर्गात आपल्याजवळ दिवा एकच असतो.

तीनपैकी अर्धे निरीक्षण हाती आणि निष्कर्ष मात्र पूर्ण: निष्कर्ष पुराव्यापेक्षा मोठा झाला.

इतिहास काय सांगतो

कोणी म्हणेल, वर्गातला प्रयोग अपुरा असेल. पण मूळ प्रयोगांनी तर कणवाद सिद्ध केला ना? इतिहास याला दुजोरा देत नाही.

हा परिणाम हाइनरिख हर्ट्झला १८८७ मध्ये कार्ल्सरूहे इथे दिसला, तो मॅक्सवेलचे विद्युतचुंबकीय तरंग प्रत्यक्षात आणताना. ठिणगीच्या फटीवर अतिनील प्रकाश पडला की ठिणगी सहज उडते. मध्ये काच धरली की परिणाम जातो, क्वार्ट्झ धरले तर टिकतो. तरंगवादाला पक्का पाया देणाऱ्या प्रयोगातच हे घडले. पुढच्याच वर्षी विल्हेल्म हालवाक्सने विद्युतदर्शी आणि जस्ताची पट्टी वापरली. आपला वर्गातला प्रयोग मुळात त्याचाच आहे. त्याच सुमाराला मॉस्कोत स्टोलेटॉव्हने प्रवाह मोजायला सुरुवात केली. १८९९ मध्ये जे. जे. थॉमसनने दाखवले की पट्टीतून सुटतात ते इलेक्ट्रॉनच.

फिलिप लेनार्डने १९०२ मध्ये प्रकाशाची तीव्रता कितीतरी पटींनी बदलून पाहिली आणि इलेक्ट्रॉनांची कमाल ऊर्जा बदलत नाही असे नोंदवले. पाठ्यपुस्तकी कथेप्रमाणे त्या क्षणी तरंगवाद कोसळायला हवा होता. लेनार्डला मात्र कसलेही संकट जाणवले नाही. त्याचे म्हणणे असे की ही ऊर्जा इलेक्ट्रॉनची अणूच्या आतली स्वतःचीच असते. प्रकाश ती देत नाही, फक्त कळ दाबून इलेक्ट्रॉनला मोकळा करतो. मग तीव्रतेने ऊर्जा का बदलावी? ही उपपत्ती पुढे चुकीची ठरली, पण जवळपास दहा वर्षे ती गंभीरपणे घेतली जात होती. दुसरी उपपत्ती सुचू शकत होती, इतकेच नव्हे, ज्याने निरीक्षण केले त्यालाच ती सुचली होती.

आइनस्टाइनचा १९०५ चा निबंधही ‘प्रकाशविद्युत परिणामाचे कोडे सोडवणारा निबंध’ नाही. त्याचा मुख्य युक्तिवाद उष्मागतिकीतला आहे. विरळ, उच्च वारंवारतेच्या प्रारणाची एन्ट्रॉपी घनफळाबरोबर बदलते ती अगदी स्वतंत्र कणांच्या वायूसारखी. म्हणून अशा प्रारणाला ऊर्जेच्या स्वतंत्र पुंजांचे बनलेले मानून पाहावे. या दृष्टीने कोणत्या घटना सोप्या होतात, हे दाखवण्यासाठी शेवटी तीन उदाहरणे येतात: प्रदीप्तीचा स्टोक्सचा नियम, प्रकाशविद्युत परिणाम आणि वायूंचे आयनीभवन. शीर्षकातच त्याने आपली भूमिका अन्वेषणाला उपयोगी पडणारा दृष्टिकोन म्हणून मांडली आहे. ऊर्जा आणि वारंवारता यांच्यातला सरळ रेषेचा संबंध तोपर्यंत कोणी मोजलेलाच नव्हता. आइनस्टाइनने तो आधी सांगितला. लेनार्डच्या आकड्यांशी त्याने जुळवून दाखवली ती फक्त ऊर्जेची पातळी, काही व्होल्टांची.

तो संबंध १९१२ मध्ये ह्यूजने, तसेच रिचर्डसन आणि कार्ल कॉम्प्टन यांनी, आणि १९१४ ते १९१६ या काळात रॉबर्ट मिलिकनने शिकागोत मोजला. सोडियम, पोटॅशियम, लिथियम हे हवेत लगेच काळवंडणारे धातू. मिलिकनने निर्वात नळीच्या आतच त्यांचा पृष्ठभाग सुरीने तासायची सोय केली आणि प्लांकच्या स्थिरांकाचे मूल्य काढले ते आजच्या मान्य मूल्यापासून एक टक्क्याच्या आत. आणि हे सगळे केल्यावर त्याचे मत काय? समीकरण बिनचूक आहे, पण ज्या प्रकाशपुंजांच्या कल्पनेतून ते निघाले ती टिकण्यासारखी नाही. हा प्रयोग ज्याने सर्वांत कसोशीने केला, त्याला त्यात फोटॉन दिसला नाही. रिचर्डसनने तर आइनस्टाइनचे समीकरण उष्मागतिकीय विचारांतून, प्रकाशपुंज न मानता, मांडून दाखवले होते.

१९१३ मध्ये प्लांक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आइनस्टाइनला प्रशियन अकादमीत घ्यावे अशी शिफारस केली, तेव्हा त्याची प्रकाशपुंजांची कल्पना ही नेम चुकलेली झेप समजून माफ करावी, असे सुचवले. नोबेल समितीनेही १९२१ चे पारितोषिक १९२२ मध्ये जाहीर करताना शब्द जपून वापरले: सैद्धांतिक भौतिकशास्त्रातील कार्याबद्दल, विशेषतः प्रकाशविद्युत परिणामाचा नियम शोधल्याबद्दल. गौरव नियमाचा झाला. प्रकाशपुंजाचे नाव त्यात नाही. फळ्यावर ‘म्हणून’ लिहिण्यापूर्वी समितीचा हा काटेकोरपणा वर्गाने उचलावा.

दुसरी उपपत्ती आहे

इतिहासातल्या लोकांना उशिरा कळले, म्हणून युक्तिवाद खोटा ठरत नाही, असे म्हणता येईल. तेव्हा आता थेट प्रश्न: प्रकाशपुंज न मानता प्रकाशविद्युत परिणामाची बरोबर उपपत्ती लागते का?

लागते. १९२७ मध्ये ग्रेगोर वेन्ट्झेलने ती मांडली, आणि १९६९ मध्ये विलिस लॅम्ब व मार्लन स्कली यांनी ‘फोटॉनविना प्रकाशविद्युत परिणाम’ अशा आशयाच्या शीर्षकाखाली ती विस्ताराने लिहिली. लॅम्ब म्हणजे हायड्रोजनच्या वर्णपटातल्या ज्या सूक्ष्म फरकाने पुंजविद्युतगतिकीला चालना दिली, त्या शोधाबद्दल नोबेल मिळवलेला भौतिकज्ञ. पुंजवाद न समजलेल्या माणसाची ही तक्रार नव्हे.

युक्तिवाद असा. प्रकाश मॅक्सवेलचा अखंड तरंगच राहू द्या. पुंजयामिकी लावा ती फक्त धातूतल्या इलेक्ट्रॉनला. श्रोडिंगरच्या समीकरणात ठरावीक वारंवारतेने आंदोलित होणारे विद्युतक्षेत्र घातले की इलेक्ट्रॉनची एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाण्याची शक्यता तेव्हाच लक्षणीय ठरते, जेव्हा त्या दोन अवस्थांच्या ऊर्जांमधला फरक प्लांकचा स्थिरांक गुणिले क्षेत्राची वारंवारता एवढा असतो. झाले. पट्टीत बांधलेली अवस्था आणि पट्टीबाहेरची मोकळी अवस्था यांत किमान वर्क फंक्शनएवढे अंतर आहे, म्हणून उंबरठा. बाहेर पडलेल्याची कमाल ऊर्जा वारंवारतेबरोबर सरळ रेषेत वाढते, म्हणून आइनस्टाइनचे समीकरण. अवस्था बदलण्याचा दर विद्युतक्षेत्राच्या वर्गाशी, म्हणजे तीव्रतेशी, प्रमाणात असतो, म्हणून तीव्रतेने फक्त संख्या वाढते. आणि हा दर प्रकाश पडू लागताच लागू होतो; ऊर्जा साठेपर्यंत थांबावे लागत नाही. या साऱ्यात प्लांकचा स्थिरांक येतो तो इलेक्ट्रॉनच्या बाजूने. प्रकाशाच्या बाजूला त्याची गरजच पडत नाही.

म्हणजे अर्थापत्तीची अट मोडली. या नियमातून जे निर्विवाद निघते ते असे की प्रकाश आणि द्रव्य यांच्या व्यवहारात कुठेतरी पुंजाचा हिशोब आहे. तो हिशोब द्रव्याच्या वहीत आहे की प्रकाशाच्या, हे हा प्रयोग सांगत नाही.

उलट हाच परिणाम तरंगाची साक्ष द्यायलाही तयार असतो. १९५५ मध्ये फॉरेस्टर, गुडमंडसन आणि जॉन्सन यांनी पाऱ्याच्या हिरव्या वर्णरेषेचे चुंबकीय क्षेत्राने दोन घटक केले आणि दोन्हींचा प्रकाश एकाच प्रकाशविद्युत पृष्ठभागावर पाडला. बाहेर आलेल्या इलेक्ट्रॉनप्रवाहात दोन वारंवारतांच्या फरकाइतके, सूक्ष्मतरंगांच्या पट्ट्यातले ठोके सापडले. दोन तरंगांचे एकमेकांवर चढणे इलेक्ट्रॉनांच्या उत्सर्जनात उमटले. ज्या परिणामाकडून आपण फक्त कणाची साक्ष काढतो, त्यानेच तरंगाचीही दिली.

वेळेचा आक्षेप

पूर्वपक्षाचा सर्वांत बळकट आक्षेप वेळेचा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात एक गणित होते: चौरस मीटरमागे एक लाखांश वॉट इतक्या मंद प्रकाशात सोडियमच्या प्रकाशघटातून पहिला इलेक्ट्रॉन सुटायला तरंगवादाप्रमाणे किती वेळ लागेल? उत्तर येते सुमारे अर्धे वर्ष. प्रत्यक्षात, लॉरेन्स आणि बीम्स यांनी १९२८ मध्ये दाखवले त्याप्रमाणे, विलंब असलाच तर तो ३ नॅनोसेकंदांहून कमी आहे.

त्या गणितातली गृहीतके पाहा. आलेली ऊर्जा सगळ्या अणूंत सारखी वाटली जाते, प्रत्येक इलेक्ट्रॉन शून्यापासून साठवू लागतो, आणि तो आपल्या अणूच्या आकाराएवढ्याच क्षेत्रातून ऊर्जा घेतो. यातले शेवटचे गृहीतक तर अभिजात भौतिकशास्त्रालाही मान्य नाही: अनुनादात असलेला एकटा अणू तरंगलांबीच्या वर्गाच्या पट्टीतल्या क्षेत्रातून ऊर्जा खेचतो, आणि ते क्षेत्र अणूपेक्षा लाखो पटींनी मोठे असते. अर्धे वर्ष हा आकडा प्रकाशाच्या स्वरूपापेक्षा इलेक्ट्रॉनला छोटासा अभिजात गोळा मानण्यातून आलेला आहे.

तरीही आक्षेप पूर्ण विरत नाही. क्षेत्र वाढवून काळ सेकंदांवर आणता येईल, नॅनोसेकंदांवर नव्हे. आणि वेन्ट्झेलच्या मार्गाने जाताना एक प्रश्न राहतोच: ऊर्जा पोहोचण्याआधीच इलेक्ट्रॉन सुटला, तर त्या एका घटनेत ऊर्जा आली कुठून? तरंग अखंड ठेवला, तर ऊर्जेची अक्षय्यता प्रत्येक घटनेत पाळली जात नाही, फक्त सरासरीने पाळली जाते. ही किंमत मोठी आहे. पण ती मोजायला कोणीच तयार नव्हते, असे समजू नये. १९२४ मध्ये बोर, क्रेमर्स आणि स्लेटर यांनी प्रकाशपुंज टाळण्यासाठी उघडपणे हेच मांडले की ऊर्जा सरासरीनेच जपली जाते. त्या वेळी तो वाद प्रकाशविद्युत परिणामाच्या जोरावर कोणी मिटवू शकले नाही. तो मिटला १९२५ मध्ये, जेव्हा बोटे आणि गायगर यांनी क्ष-किरणांच्या विकिरणात, विकिरित किरण आणि धक्का खाऊन निघालेला इलेक्ट्रॉन हे दोन्ही एकाच वेळी नोंदले जातात हे दाखवले. ऊर्जा एकेका घटनेतही जपली जाते, हे प्रयोगाने ठरले ते तिथे. वेळेच्या आक्षेपाला बळ येते ते या निकालाकडून उसने घेतल्यावर.

सोयीचा आक्षेप

दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो व्यवहारी आहे. बारावीच्या मुलांना श्रोडिंगरचे समीकरण येत नाही; त्यांना सोपी कथा सांगावी, खरे-खोटे पुढे कळेलच.

पण मी वर्गात समीकरण शिकवा असे म्हणतच नाही. जो दावा सिद्ध झालेला नाही तो न करणे, याला अधिक गणित लागत नाही. एक वाक्य बदलावे लागते. आणि सोप्या कथेची किंमत पुढे चुकवावी लागते. त्या कथेतून विद्यार्थी फोटॉनला गोळीसारखा कण समजून पदवीपर्यंत जातो. मग एकेक फोटॉन सोडला तरी दोन फटींमागे व्यतिकरणाचे पट्टे का उमटतात, हे त्याला चमत्कार वाटते. खरे तर गोळ्यांचे चित्र प्रकाशाच्या अगदी जुन्या नियमालाही पुरत नाही. पुंजांना एकमेकांपासून स्वतंत्र गोळ्या मानून मोजले तर व्हीनचा नियम मिळतो, जो फक्त उच्च वारंवारतेला लागू पडतो. प्लांकचा पूर्ण नियम मिळायला पुंज एकमेकांपासून ओळखता न येणारे मानावे लागतात. ही मोजणी १९२४ मध्ये ढाक्याच्या सत्येंद्रनाथ बोस यांनी केली आणि आइनस्टाइनला पाठवली. त्याने तिचे जर्मन भाषांतर करून ती प्रसिद्ध केली. ज्या देशातून फोटॉनची ही खरी ओळख निघाली, त्याच देशातल्या वर्गांत फोटॉन म्हणजे छोटी गोळी असे शिकवले जावे, हे बरे नाही.

मंडन

तर मग प्रकाश खरोखर पुंजांत येतो, हे कोणत्या प्रयोगाने ठरते? १९२३ मधल्या आर्थर कॉम्प्टनच्या प्रयोगाने पुंजाला संवेगही असतो हे पुढे आणले, बोटे–गायगर यांनी एकेका घटनेत ऊर्जा जपली जाते हे दाखवले. ‘फोटॉन’ हे नाव मात्र गिल्बर्ट लुईसने १९२६ मध्ये दिले. पण अखंड तरंगाचा निर्णायक पाडाव झाला १९७७ मध्ये. किंबल, डॅगेनॅस आणि मँडेल यांनी सोडियमच्या अणूंपासून आलेला प्रकाश दोन शोधकांत विभागला. अखंड तरंग दुभंगला, तर दोन्ही शोधक एकाच वेळी वाजण्याची शक्यता एका किमान मर्यादेखाली जाऊ शकत नाही. प्रत्यक्षात ती गेली. १९८६ मध्ये ग्रांजिए, रोजे आणि अस्पे यांनी हेच अधिक स्पष्टपणे दाखवले: एक फोटॉन अर्धपारदर्शक आरशावर आला तर तो इकडे सापडतो किंवा तिकडे, दोन्हीकडे अर्धा-अर्धा कधीच नाही. देवदत्त रात्री जेवतो, हे डोळ्यांनी पाहिल्याचा पुरावा हा. २००४ मध्ये अमेरिकेतल्या व्हिटमन कॉलेजच्या गटाने हा प्रयोग पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी प्रयोगशाळेत बसवला. अभिजात तरंगासाठी निदान १ असायला हवी अशी संख्या त्यांना ०.०२ हून कमी मिळाली. आपल्या शाळांना ही सामग्री परवडणार नाही, पण निकाल सांगायला पैसे पडत नाहीत.

आणि विद्युतदर्शी? त्याची जागा जात नाही, उलट पक्की होते; कारण तो जे खरोखर दाखवतो ते फार शिकण्यासारखे आहे. धन भाराची चाचणीच घ्या. पुष्कळ वर्गांत ती उरकून टाकली जाते. खरे तर संपूर्ण प्रयोगातला सर्वांत हुशार भाग तो आहे. अतिनील किरण पट्टीवर काही न करता भोवतालच्या हवेचेच आयनीभवन करत असतील, तर ऋण आणि धन, दोन्ही भार सारखेच नाहीसे व्हायला हवेत. धन भार टिकतो, तेव्हा हवेचा संशय फिटतो आणि पट्टीतून ऋण काही निघते हे ठरते. अन्वय आणि व्यतिरेक या दोहोंनी कारण कसे पकडायचे, हे इतक्या थोडक्या सामग्रीत दुसरा क्वचितच कुठला प्रयोग शिकवतो.

तो नीट करायला काही पथ्ये आहेत. पट्टी वर्गाच्या आदल्या दिवशी नव्हे, प्रयोगाच्या क्षणभर आधी एमरी कागदाने घासावी. जस्तावर ऑक्साइडचा थर लवकर चढतो आणि परिणाम मंदावतो. घरच्या जलशुद्धीकरण यंत्रातला यूव्ही दिवा याच २५४ नॅनोमीटरचा असतो. असा दिवा डोळ्यांना आणि त्वचेला घातक, म्हणून तो बंद खोक्यात बसवून पट्टीकडे फक्त एक खिडकी ठेवावी. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या शाळेने हा प्रयोग पावसाळ्यात करू नये. दमट हवेत भार आपणहूनच गळतो आणि श्रेय उगीच अतिनील किरणांना मिळते. दिवा न लावता पाने किती वेळ टिकतात, हे आधी पाहून ठेवणे हाही प्रयोगाचाच भाग.

महाविद्यालयातल्या प्रकाशघटाच्या प्रयोगालाही हाच न्याय लावायला हवा. गाळण्या बदलून रोधक विभव मोजतात, वारंवारतेसमोर आलेख काढतात, उतारावरून प्लांकचा स्थिरांक काढतात, इथपर्यंत उत्तम. मग आलेख अक्षाला जिथे छेदतो त्याला ‘कॅथोडची वर्क फंक्शन’ म्हणून वहीत लिहितात. ते बरोबर नाही. कॅथोड आणि संग्राहक तारेने जोडलेले असतात, त्यांच्यात स्पर्शविभव निर्माण होतो, आणि तो हिशोबात घेतला की कॅथोडची वर्क फंक्शन समीकरणातून निघून जाते. छेदात उरते ती संग्राहकाची. मिलिकनने स्पर्शविभव वेगळा मोजला होता, तो उगीच नव्हे. आपल्याकडे छेद पुस्तकातल्या आकड्याशी जुळला नाही की विद्यार्थ्याचे गुण कापले जातात. कित्येकदा त्याचे मापन बरोबर असते आणि वहीतले शीर्षक चुकीचे असते.

तेव्हा फळ्यावर काय लिहावे? दोन वाक्ये पुरतात. पहिले: प्रकाशाकडून इलेक्ट्रॉनला मिळणारी ऊर्जा प्रकाशाच्या वारंवारतेने ठरते, तीव्रतेने नाही, हा नियम आहे, आणि तो मोजून पाहिलेला आहे. दुसरे: याची एक उपपत्ती प्रकाशपुंज ही आहे, ती खरी असल्याचे पुढच्या प्रयोगांनी दाखवले. नियम आणि उपपत्ती यांतला भेद विद्यार्थ्याला एकदा कळला की पुढची अनेक प्रकरणे त्याला आपोआप उलगडतात. आणि हा भेद शिकवायला याहून चांगला प्रयोग अभ्यासक्रमात नाही.

परीक्षेतला प्रश्नही मग बदलावा लागेल. ‘प्रकाशविद्युत परिणामाने प्रकाशाचे कणस्वरूप कसे सिद्ध होते?’ या प्रश्नाला पाठ केलेले उत्तर असते. त्याऐवजी असे विचारावे: तीन निरीक्षणांपैकी कोणते तुझ्या विद्युतदर्शीने दाखवले, कोणते दाखवले नाही, आणि उरलेली पाहायला कोणती सामग्री लागेल? याचे उत्तर ज्याला देता येईल, त्याला प्रयोग समजला आहे.